कातडं राखायचंय की जनावर घालवायचंय?

लग्नाकार्यात कुणी नवीन माणूस भेटलं आणि मी काय करत होते हे कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "अगंबाई, बंदुकांचं दुकान? तुम्हाला भीती नाही वाटायची?" मी सांगते, नाही वाटायची. बंदूक भिंतीला टांगलेली असते, ती काही करत नाही. भीती गिऱ्हाइकाची वाटायला हवी होती आणि तीच मला वाटली नाही. हे सगळं लिहायला घेतलंय त्याचं कारण तेवढंच. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "गमतीजमती लिहा" म्हणून सांगितलंय. एक-दोन लिहिते. मग जे लिहायचंय ते लिहिते, आणि ते लिहिताना माझा आवाज चढला तर चढला.

आमचं दुकान पेठेत, बोळाच्या तोंडाशी. सासऱ्यांनी काढलेलं. माझे यजमान मागच्या खोलीत दुरुस्ती करायचे. घोडा सैल झाला, नळीला गंज चढला, दस्ता तडकला, सगळं त्यांच्या हातून बरं व्हायचं. पण माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. त्यामुळे लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच मी गल्ल्यामागे उभी. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं शिकले ती काडतुसांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून. त्यामुळे आजही मला ए-बी-सी-डी सरळ येत नाही, पण एलजी, एसजी, बीबी झोपेतही येतात.

मामंजींनी मला धंदा शिकवला तो मिसळणाच्या डब्यातून. सुनेला कळेल अशा भाषेत शिकवायचं त्यांच्या मनात होतं. घरातला जुना पितळी डबा आणला आणि एकेका वाटीत एकेका जातीचा छर्रा ओतला. म्हणाले, "ही मोहरी. हा सहा नंबर, तित्तिर-लाव्यांसाठी. ही ज्वारी. ही बीबी. कोल्हा, खोकड, रानमांजर. आणि हा वाटाणा, एलजी. डुकरासाठी. डोळे मिटून बोटांनी ओळखायचं." महिनाभरात मी ओळखायला लागले. अजूनही ओळखते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, बारा बोरच्या काडतुसात एक गोळी नसते, असे छर्रे भरलेले असतात. छर्रा बारीक तर काडतुसात मावतो जास्त, पसरतो जास्त, पण दूरवर त्याचा जोर टिकत नाही. थोर असला तर मोजकेच मावतात, पण लांबवर जाऊन घाव घालतात.

रायफलच्या गोळीचंही तसंच. एक असते मऊ नाकाची. ती आत गेली की फुलते, जनावर जागच्या जागी बसतं, पण बाहेर पडताना कातड्याला बशीएवढं भगदाड पाडते. दुसरी असते पूर्ण कवचाची. ती दाभणासारखी आरपार जाते. कातड्याला दोन बारकी भोकं, रफू करून दिवाणखान्यात लावावं असं. पण जनावर मात्र मैलभर चालतं आणि मग कुठेतरी झुडपात पडून मरतं. मामंजी हे अगदी सहज सांगायचे, भाजीवाला वांग्याचे प्रकार सांगतो तसं. त्यांच्या काळात संस्थानिकांचे कारभारी, साहेब लोक, इनामदार यायचे, आणि गिऱ्हाईक पायरी चढलं की मामंजींचा पहिला प्रश्न असायचा, "कातडं राखायचंय की जनावर घालवायचंय?" उत्तरावर काडतूस ठरायचं. कातडं राखायचं तर बारीक छर्रा किंवा कवचाची गोळी. घालवायचं तर थोर छर्रा किंवा मऊ नाक. थोडक्यात, कातडं जितकं चांगलं राखायचं तितकं जनावर उशिरा मरणार, असा तो हिशेब. मला हे कळायचं नाही असं नाही. कळायचं. पण ज्ञान म्हणून कळायचं.

मग शिकारबंदीचा कायदा आला आणि तो प्रश्न मेला. मरायला हवा होता.

उरलं कोण? पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, बँकेचे रखवालदार, नेमबाजीवाली मुलं, आणि खंडेनवमीचे हौशी. त्यातले एक कर्वेनगरचे पेन्शनर कारकून मला फार आवडायचे. वडिलांची एकनळी बंदूक, तिने आयुष्यात चिमणी मारली नव्हती. पण दर खंडेनवमीला दोन काडतुसं न्यायचेच. मी एकदा म्हटलं, "अहो, मागच्या वर्षीची दोन आहेत ना घरात?" तर म्हणाले, "बाई, आपण देवाला कालचा नैवेद्य दाखवता का?" मी दोन ताजी काढून दिली. असे लोक होते.

आणि होते सोपानराव. लोणी काळभोरच्या पुढे त्यांचा ऊस. माळाच्या पायथ्याशी जमीन, त्यामुळे रात्री डुकरं उतरायची. त्यांच्याकडे परवान्याची एकनळी. वर्षातून दोनदा यायचे, एलजी घ्यायचे, बहुतेक हवेत बार काढायला. एकदा विचारलं, "हवेतच उडवायची तर स्वस्तातली न्या की. डुकराला काय कळतंय?" तर म्हणाले, "डुकराला नाय कळत वैनी, मला कळतं. एखादं अंगावर आलं तर मोहरी फेकून मारू का त्याला?" घरचा गूळ आणायचे. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता यायचं नाही. मी खोकं हातात घ्यायची, वाचून दाखवायची, "हे बघा सोपानराव, एल, जी." ते बघायचेसुद्धा नाहीत. खोकं तसंच पिशवीत. "तुमी दिलं म्हंजे बराबर हाय." वीस वर्षं हेच वाक्य. तेव्हा ते वाक्य माझ्या कानाला गोड लागायचं, एवढं लक्षात ठेवा.

आता तो दुसरा. त्याला निखिल म्हणू. हिंजवडीला काचेच्या इमारती उठू लागल्या होत्या त्या वर्षांतली गोष्ट. पगार असे झाले होते की पंचविशी-तिशीतली मुलं गावाबाहेर जमिनी घेत होती, त्याला फार्महाऊस म्हणत होती, आणि शनिवार-रविवार तिथे जाऊन कणसं भाजत होती. ह्याचं घर कर्वेनगरात, फार्महाऊस सोपानरावांच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. आजोबांची दुनळी वारशाने आलेली, परवाना रीतसर, कागद सगळे चोख. मुलगा अत्यंत गोड. चपला पायरीखाली काढून आत आला हो. बंदुकीच्या दुकानात चपला काढून कोण येतं? मी तिथेच पाघळले.

"काकू, कोंबड्या ठेवल्यात फार्मवर. कोल्हे नेतात. काय वापरायचं?"

ह्याला उत्तर सोपं होतं. जाळी लाव. फटाके लाव. कुत्रं पाळ. सोपानरावांचा कुत्रा अख्ख्या शिवाराला पुरून उरायचा. पण त्याने पुढे विचारलं, "म्हणजे काकू, हे नंबर वगैरे काय असतं? इट्स सो इंटरेस्टिंग." झालं. तीस वर्षांत कुणी मला इंटरेस्टिंग म्हटलं नव्हतं. मी मिसळणाचा डबा काढला. मोहरी दाखवली, ज्वारी दाखवली, वाटाणा दाखवला. तो डोळे मोठे करून ऐकत होता. आणि मामंजींची आठवण सांगायची म्हणून, गंमत म्हणून, मी त्यांच्याच आवाजात विचारलं, "बोला राजे, कातडं राखायचंय की जनावर घालवायचंय?"

तो हसला. म्हणाला, "दोन्ही जमलं तर?"

मी तेव्हा डब्याचं झाकण लावायला हवं होतं. मी लावलं नाही. मी म्हटलं, कोल्ह्याचं कातडं राखायचं असेल तर एलजी नको, चिंध्या होतील, बीबी घ्यावी, पण तीस पावलांच्या आत, त्यापलीकडे नुसतं जखमी होतं. असं मी मान ताठ करून सांगितलं. मागच्या खोलीतला कानशीचा आवाज थांबला. यजमानांनी ऐकलं होतं.

त्याने बीबीचं एक खोकं घेतलं. आमच्या वहीत मामंजींच्या वेळेपासून शेवटचा रकाना "कशासाठी" असा. त्यात मी लिहिलं, "संरक्षण". सगळ्यांच्याच नावापुढे तेच लिहायची रीत होती.

पंधरा-वीस दिवस गेले. वनखात्याचे एक वनपाल दुकानात आले. शांत गृहस्थ. खिशातून एक काचेची बाटली काढली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी, आणि माझ्या तळहातावर दोन छर्रे टाकले. म्हणाले, लोणीच्या बाजूला उसात लांडगीण मेलेली सापडली. छर्रे लागून तीन-चार दिवस हिंडली असावी, जखमा सडल्या होत्या. तिला दूध होतं. ज्याच्या उसात सापडली त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्याला ताब्यात घेतलंय. सोपान नाव.

"कळवलं कुणी तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यानेच. म्हणतो, मी मारली असती तर बोलावलं असतं का. तसे सगळेच म्हणतात. पण तो तुमचं नाव घेतोय. म्हणाला, वैनींना विचारा, त्या सांगतील."

छर्रे माझ्या हातात होते. डोळे मिटायचीही गरज नव्हती. ज्वारी. सोपानरावांनी वीस वर्षांत माझ्याकडून वाटाण्याशिवाय काही नेलं नव्हतं, आणि त्या बाजूला ज्वारी नेणारा माझ्या वहीत एकच माणूस होता.

वनपालांनी विचारलं, "हा बारा बोरचाच छर्रा ना?" मी म्हटलं, हो.

"अशी काडतुसं तुमच्याकडे मिळतात?" हो.

"सोपान काडतुसं तुमच्याकडूनच घेतो?" हो.

तीन हो. तिन्ही खरे. त्यांनी टिपून घेतलं, चहा नको म्हणाले आणि गेले. चौथा प्रश्न त्यांना सुचला नाही, कारण ज्वारी-वाटाण्यातला फरक त्यांना ठाऊक नव्हता. तो मला ठाऊक होता. म्हणूनच तर सोपानरावांनी त्यांना माझ्याकडे धाडलं होतं.

का गप्प बसले? दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात कचेरीत पडलं होतं. निखिलचं नाव घेतलं की वही मागणार, मी त्याला काय सांगितलं तेही निघणार. कायद्याने बंद असलेल्या शिकारीसाठी गल्ल्यावर बसून मार्गदर्शन. दुकान गेलं असतं. यजमान एवढंच म्हणाले, "महिनाभर थांबू. कोर्टात सुटतीलच ते. जनावरांचे डॉक्टर सांगतील ना छर्ऱ्याचं." मी म्हटलं, हं. त्या हं ची मला आजही चीड येते. त्यांची नाही, माझ्या हं ची. ते भित्रे होते हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं. मी भित्री आहे हे कळायला तीस वर्षं लागली.

आठ दिवस मी रोज दुकान उघडलं, तसबिरींना हार घातला, गिऱ्हाइकं केली. नववा दिवस उजाडला आणि निखिल आला. चपला काढून.

"काकू, ते बीबी फेल गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे लागलं, पण पळालं ना. जरा लांब होतं, शंभर एक पावलं असेल. समथिंग स्ट्राँगर द्या, पण स्किन खराब नको. फ्रेंड्सना प्रॉमिस केलंय, हॉलमध्ये लावणार."

"कोल्हा होता का?"

"कोल्हा काय, लांडगा काय, काकू. डॉगच ना सगळे."

"मेली ती," मी म्हटलं. "लांडगीण होती. चार दिवसांनी मेली. सोपानरावांच्या उसात."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, ओशाळला. माणूस आहे, ओशाळणार. मग त्याने विचारलं, "मग स्किन आता कुणाकडे आहे?"

मी आयुष्यात गिऱ्हाइकाला अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. काय बोलले ते अंकात छापण्यासारखं नाही. बोळातले लोक गोळा झाले, समोरचे घड्याळवाले दुकान सोडून आले. ह्याने दोन्ही हात वर केले. "काकू, चिल. यू ओन्ली टोल्ड मी ना. तुम्हीच तर सांगितलंत बीबी घे म्हणून."

आणि हे खरं होतं. तीस पावलांत म्हटलं होतं, कोल्हा म्हटलं होतं, पण सांगितलं मीच होतं. राग त्याच्यावर काढत होते आणि तो माझ्याच अंगावर येऊन आदळत होता. आजही तसाच येतो. बिनधास्त, गोड, चपला काढणारी ही माणसं मला दिसतात तेव्हा माझं डोकं तडकतं. ह्यांना माळ म्हणजे व्ह्यू वाटतो, जनावर म्हणजे भिंत वाटते, आणि जो वर्षानुवर्षं त्या जनावरांशेजारी राहतो तो "कोणीतरी लोकल". पण हे सगळं ज्याला कळत होतं ते माणूस गल्ल्यामागे उभं होतं आणि कौतुकाला भुकेलं होतं.

मी वही काखोटीला मारली. यजमान मागच्या खोलीच्या दारात उभे होते. "येते," म्हटलं. ते म्हणाले, "छत्री घे, ऊन आहे." अडवलं नाही, एवढं त्यांच्या नावे लिहून ठेवते.

वनपालांपुढे मी मिसळणाचा डबा ठेवला. हो, तोही नेला होता. दोन वाट्यांतले छर्रे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, हे सोपानराव नेतात, हे तुमच्या बाटलीतले. वही उघडून दाखवली. त्यांनी निखिलच्या नावासमोर बोट ठेवलं.

"इथे संरक्षण लिहिलंय."

"ते खोटं लिहिलंय."

"कुणी?"

"मी. त्याला कातडं हवं होतं. ते मी विचारलं होतं, त्याने सांगितलं होतं, आणि मग मी त्याला काय घ्यायचं ते सांगितलं."

त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत, बाई?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लाजिरवाणं होतं. ते मी दिलं. त्यांनी तेही टिपून घेतलं.

सोपानराव दुसऱ्या दिवशी घरी गेले. त्यांची बंदूक मात्र मुद्देमाल म्हणून राहिली, ती सुटायला साखर कारखान्याचा हंगाम उलटला. तोवर डुकरांनी माळाकडचा ऊस लोळवून टाकला होता. निखिलने चांगला वकील दिला, तारखा पडत राहिल्या, मीही दोनदा साक्षीला गेले. आमच्या दुकानाचा परवाना सात महिने अडकला, मग चौकशी होऊन शेऱ्यासकट मिळाला. शेरा वाजवी होता. मी त्याविरुद्ध अर्ज केला नाही.

लोक मला म्हणतात, "पण तुम्ही शेवटी खरं बोललात की." असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. आठ दिवस एक माणूस माझ्या नावावर विसंबून कोठडीत बसला होता. त्या माणसाला सांगा "शेवटी" म्हणून.

बंदूक सुटल्यावर सोपानराव आले. गूळ नव्हता. मी "या" म्हटलं, पाणी पुढे केलं. पाणी प्यायले. परवाना काढून ठेवला.

"वैनी, फॉरेस्टवाल्यानं छर्रा तुमच्या हातावर ठिवला हुता म्हनं."

"हो."

"मग वळखला असंल."

"लगेच."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "सोपानराव, चुकलं माझं. घाबरले मी. दुकान जाईल म्हणून."

"आसंल," ते म्हणाले. "दुकान म्हंजे दुकान हाय. धा एलजी द्या."

मी खोकं काढलं, नेहमीसारखं हातात धरून त्यांच्यासमोर केलं आणि वाचून दाखवायला तोंड उघडलं. त्यांनी खोकं माझ्या हातातून घेतलं. पिशवीत टाकलं नाही. पायरी उतरले, बोळ ओलांडला आणि समोरच्या घड्याळवाल्यापुढे ते धरलं. घड्याळवाल्याने डोळ्याला लावलेलं भिंग वर केलं, खोकं उजेडाकडे वळवलं, अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. सोपानरावांनी झाकण उघडलं आणि एकेक काडतूस काढून तेही त्याच्याकडून वाचून घेतलं. दहाच्या दहा.

मग खोकं पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता, पण रागाने नव्हे, बसच्या वाटेला लागले.